पबमधलं मखर

माणूस कुणाच्या घरी गेला की आधी घरातल्या माणसांकडे बघतो. काका आधी छताकडे बघायचे. दारातच उभे राहून, मान मागे टाकून ते अख्खं छत नीट बघून घ्यायचे आणि मग यजमानांना म्हणायचे, "हं, काय म्हणता?" आता अमेरिकेतल्या घरांच्या छतात बघण्यासारखं असतं काय? पांढरा रंग, आणि फोडणी जरा करपली की बोंबलणारं ते डबडं. ते बघून काकांचा चेहरा पडायचा आणि बिचाऱ्या यजमानीणबाईंना वाटायचं, जळमटं दिसली की काय. काका जेवायला येणार म्हटलं की आमच्या श्रूजबरीच्या मराठी मंडळातल्या बायका आदल्या दिवशी शिडी लावून छत पुसायच्या. मी स्वतः एकदा शिडी धरलीय, म्हणून सांगते.

वर बघत चालणाऱ्याचं खाली जे होतं ते त्यांचंही व्हायचं. काकूंचं वाक्य ठरलेलं होतं: "अहो, खाली बघा, पायरी आहे." त्यात राग नसायचा, फारशी काळजीही नसायची. दुसऱ्या कुणाशी तरी भाजीबद्दल बोलता बोलता त्या मधेच हे वाक्य टाकायच्या आणि भाजीकडे परत जायच्या. काका "हो, हो" म्हणायचे आणि अडखळायचे.

नागपूरहून एमएस करायला मी आले आणि त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहिले, तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी माझं नाव बाजूला ठेवलं आणि मला 'नागपूर' म्हणायला लागले. "नागपूर, चहा घेणार?" "नागपूर, तुमच्या घराला कौलं कुठली?" मला आमच्या कौलांबद्दल काडीची माहिती नव्हती. त्यावर ते इतके खट्टू झाले की मी घरी पत्र टाकून चौकशी केली. वडिलांचं उलट पत्र आलं, त्यात कौलांबद्दल अक्षर नव्हतं. फक्त विचारलं होतं, तब्येत बरी आहे ना, अभ्यासाचा ताण तर नाही ना.

काकू आपल्या बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगायच्या, तीसुद्धा काका समोर बसलेले असताना. "मी पोहे घेऊन बाहेर आले, तर हे वर बघतायत. बशी पुढे केली, तरी वर. आत्या म्हणाली, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा. तर हे माझ्या वडिलांना विचारतात, तुळया सागवानी आहेत का? मला वाटलं, डोळ्यांत काही दोष आहे. आईला वाटलं, मुलगी पसंत नाही. आणि दुसऱ्या दिवशी होकार. मी अजून विचारते, होकार मला दिलात की तुळयांना?" सगळे हसायचे. काकाही हसायचे, वर बघत.

शिकले होते आर्किटेक्चर, मुंबईला. इथे एका कंपनीत शॉपिंग प्लाझा आणि पार्किंग लॉट काढायचे. संध्याकाळी "आज काय काढलंत?" विचारलं की म्हणायचे, "खोका." दुसऱ्या दिवशी विचारलं तर, "कालच्या खोक्याला दार." पगार बरा होता, घर होतं, दोन गाड्या होत्या, तक्रारीला तशी जागा नव्हती. तक्रार ते करतही नसत. फक्त सोमवार ते शुक्रवार त्यांची मान सरळ असायची, वर बघायला काही नसल्यासारखी.

मग शनिवार यायचा. शनिवारी दुपारी काका इस्त्रीचा शर्ट घालायचे, केसांना पाणी लावून भांग पाडायचे आणि शेजारच्या जुन्या गिरणीच्या गावात एका पबमध्ये जायचे. दारूचा थेंब त्यांनी आयुष्यात घेतला नव्हता. होमिओपॅथीची गोळीसुद्धा ते संशयाने बघून घ्यायचे. पबमध्ये जाऊन ते जिंजर एल, म्हणजे आल्याचा गोड सोडा, घ्यायचे आणि दोन तास बिल्डिंगकडे बघत बसायचे.

बिल्डिंग होतीच तशी, खोटं कशाला बोलू. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाचं राज्य असताना इथल्या कुणा गिरणीमालकाला हौस आली आणि त्याने कामगारांच्या पिण्यासाठी हा महाल बांधला. कोपऱ्यावर लाल विटांचा गोल बुरूज, त्यावर तांब्याची टोकदार टोपी, हिरवी पडलेली. खिडक्यांवर भाजक्या मातीचे चेहरे. त्यातली गाल फुगवलेली बाई म्हणजे गिरणीमालकाची सासू, असं काका छातीठोकपणे सांगायचे. दाराशी ओतीव लोखंडाचे दोन खांब होते आणि संगमरवरी पायरी, हजारो पिणाऱ्यांच्या पायांनी मधोमध झिजून तिचा खोलगट वाडगा झालेला. आत गेलं की बारीक फरशीच्या तुकड्यांची नक्षीदार जमीन, वर ठोकलेल्या पत्र्याचं छत, त्यावर उठावाची फुलंच फुलं. पण खरी गंमत काउंटरच्या मागे होती. तिथे भिंतभर महॉगनीचं कोरीवकाम उभं होतं, पार छतापर्यंत. दोन्ही बाजूंना वेल चढवलेले खांब, वर कमानी, कमानींवर द्राक्षांचे घोस, मधे जुने आरसे. बरोब्बर मधल्या सगळ्यात मोठ्या कमानीत टीव्ही ठेवला होता आणि त्याच्यावर बेसबॉल चालू असायचा. काका टीव्हीसमोर हात धरून, तेवढा भाग झाकून बाकीचं बघायचे.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तो जानेवारी होता. बर्फ गुडघ्यापर्यंत. काकांनी पुढच्या दाराशी लोखंडी खांबाला दोन थापट्या मारल्या, "काय, बरं आहे?" असं खांबाला विचारलं, आणि मी आत शिरणार तेवढ्यात मला अडवलं.

"नागपूर, तू इथून नाही. तू बाजूने."

"का?"

"लेडीज एन्ट्रन्स बाजूला आहे. त्या काळी बायका पुढच्या दाराने येत नसत. ज्याने बांधलं त्याने तुझ्यासाठी वेगळं दार केलंय, रंगीत काचेचं. ते कुणी वापरत नाही. त्याला काय वाटत असेल?"

"त्याला म्हणजे कुणाला? बांधणाऱ्याला?"

"दाराला," काका म्हणाले.

आता मी काही गप्प बसणारी बाई नाही. बायकांना वेगळं दार या विषयावर माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण पाय गोठले होते, म्हणून मुकाट्याने बर्फ तुडवत वळसा घालून गेले. ते रंगीत काचेचं दार उघडलं, उन्हाची एक पिवळी-निळी पट्टी माझ्या ओल्या बुटांवर पडली आणि मी भांडणाचं विसरले. मनात मात्र ठेवलं.

पबची मालकीण पेग म्हणून एक म्हातारी होती, आयरिश वळणाची, सत्तरी ओलांडलेली. ती काकांना 'प्रोफेसर' म्हणायची. मला म्हणाली, "हे माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. पीत नाही, भांडत नाही, फक्त माझ्या भिंतीच्या प्रेमात आहे."

आता शनिवार-शनिवार पबमध्ये जाणाऱ्या माणसाबद्दल मंडळात काय बोललं जात असेल ते सांगायला नको. काकूंना बायका फोन करून सहज विचारायच्या, "काकांची तब्येत कशी आहे हो? नाही, लिव्हर वगैरे?" काकू थंडपणे सांगायच्या, "लिव्हर छान आहे. मानेचं दुखणं आहे." त्या बिल्डिंगला मात्र त्या सवत म्हणायच्या. "निघाले सवतीकडे," असं म्हणून इस्त्री केलेला शर्ट पुढे करायच्या. तिकडे पाऊल टाकणार नाही, हे त्यांनी पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात काका एका शनिवारी अर्ध्या तासातच परत आले आणि सरळ खुर्चीत बसले. मान खाली. काकूंनी आधी कपाळाला हात लावून ताप बघितला.

पेग थकली होती. तिच्या पुतण्याने बिल्डिंगला गिऱ्हाईक आणलं होतं. एक बँक ती पाडणार होती, गाडीतूनच चेक देता-घेता येईल अशी खिडकी करायला. त्याआधी आतलं सामान विकायचं. ते भिंतभर महॉगनी टेक्सासमध्ये प्लेनो नावाच्या गावाला जाणार होतं, तिथे जुन्या वस्तू टांगून नवं रेस्टॉरंट काढणार होते म्हणून. सप्टेंबरात ट्रक येणार. पाडायला गावाच्या बोर्डाची मंजुरी लागते, पण बोर्डाला तरी काय, कोपऱ्यावर एक बंद पडत चाललेला पब.

काका बोर्डापुढे बोलायला गेले. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मी आणि काकूही गेलो होतो. काकांनी बिल्डिंगचं वर्णन पायापासून सुरू केलं. कुठल्या खाणीचा दगड, चुना कसा, ओल का येत नाही. घंटी वाजली तेव्हा ते जमिनीच्या वर आले नव्हते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त हार्डवेअर दुकानदार, माणूस सभ्य होता. तो म्हणाला, "थँक यू सर. आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस आत येऊन बघू, मग ठरवू." काका म्हणाले, "पण तेव्हा आत काही नसेल. ट्रक आधी येतोय." अध्यक्ष म्हणाला, "रिकामी असेल तर रिकामी बघू."

घरी आल्यावर दार उघडताना काकू म्हणाल्या, "पायापासून कशाला सुरुवात करायची? वरून करायची." काका म्हणाले, "बिल्डिंग वरून सुरू होत नाही गं."

आता बघा योगायोग. आमचं मंडळ गणपती बसवायचं एका चर्चच्या तळघरात, शनिवार-रविवार. त्या वर्षी चर्चचा पाइप फुटला आणि तळघरात कमरेइतकं पाणी. चतुर्थी आठवड्यावर आलेली, शाळांची जिम बुक झालेली. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर होते, हृदयाचे. ते म्हणाले, "यंदा कॅन्सल करू यार." तेव्हा काकांनी हात वर केला आणि म्हणाले, पेगची जागा फुकट मिळेल, तिचं लायसन परत केलेलं आहे, दारू नाही, फक्त जागा आहे.

मग एकदम सगळे बोलायला लागले. पबमध्ये गणपती. भारतातून आई-वडील आलेत, त्यांना काय सांगायचं. डॉक्टर म्हणाले, "काका, काहीही काय." काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी आधी बघून येते." अख्खं मंडळ त्यांच्याकडे बघत राहिलं. काकासुद्धा.

काकू सवतीच्या घरी गेल्या त्या नऊवारी नाही पण ठेवणीतली सिल्कची साडी नेसून. काकांनी त्यांना काही सांगायच्या आतच त्या बाजूला वळल्या आणि लेडीज एन्ट्रन्सने आत शिरल्या. का, ते मला माहीत नाही. मी मागोमाग होते. काकूंनी जमीन बघितली, छत बघितलं, पेगला नमस्कार केला. मग काउंटरच्या मागच्या त्या महॉगनीसमोर उभ्या राहिल्या. खांब बघितले, वेली बघितल्या, कमानी, आरसे, मधली मोठी कमान. बराच वेळ. बेसबॉल चालूच होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "हे मखर आहे. तो टीव्ही काढा तिथून."

काकांनी मखराकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, परत मखराकडे. इतकी वर्षं हा माणूस तिथे दर शनिवारी बसून शैली आणि कालखंड सांगत होता आणि ही गोष्ट त्यांना दिसली नव्हती. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "नागपूर, मी गाढव आहे." काकू म्हणाल्या, "ते नंतर. आधी टीव्ही."

पुढचे चार दिवस मंडळातल्या बायकांनी पब घासला. ज्यांनी पाऊल टाकणार नाही म्हटलं होतं त्या काय आहे ते बघायला आल्या आणि बादली घेऊन थांबल्या. कुणाच्या तरी सासूबाईंनी गंगाजळाचा गडू फोडून बिअरच्या नळांवर शिंपडलं. काउंटरखाली पाय टेकायला पितळेचा लांबलचक दांडा होता, काळा पडलेला. तो आम्ही चिंचेने घासला. पेगने तो सोन्यासारखा झालेला बघितला आणि चिंच कुठे मिळते ते विचारून घेतलं. टीव्हीच्या जागी, मधल्या कमानीत, कुणाच्या तरी हातसामानातून मांडीवर बसून आलेला शाडूचा गणपती बसला. पूजा नेहमीसारखी कॅसेटवर. आमच्यात इंजिनिअर होते, डॉक्टर होते, भटजी कुणी नव्हता, म्हणून मंडळाने पुण्याहून कॅसेट आणवली होती. एका बाजूला प्राणप्रतिष्ठा, दुसऱ्या बाजूला उत्तरपूजा. गुरुजी कॅसेटमधून "आता फूल वाहा" म्हणायचे आणि तीन पीएचड्या फूल वाहायच्या.

दीड दिवसाचा गणपती ठरला होता. रविवारी दुपारी उत्तरपूजेची वेळ झाली आणि कॅसेट सापडेना.

डॉक्टरांनी टेपरेकॉर्डर उघडून बघितला. शाली झटकल्या. "काका, तुमच्याकडे होती ना?"

"होती," काका म्हणाले. "पण मी म्हणतो, घाई काय आहे? माझ्या आजोळी पाच दिवसांचा असतो."

"काका, उद्या सोमवार आहे. लोकांना ऑफिस आहे."

"आरती सकाळी सातला करू. ऑफिस नऊला असतं. पाहुणा आलाय, त्याला कधी जाता म्हणून विचारायचं का?"

उत्तरपूजा केल्याशिवाय मूर्ती हलवायची नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं. ती करायची कशी हे एकालाही माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी सातला टाय लावलेले नऊ मराठी पुरुष पबमध्ये टाळ्या वाजवत उभे होते, आणि बाहेर प्लेनोचा ट्रक येऊन थांबला.

ट्रकवाला धिप्पाड, डोक्यावर ती टेक्सासची टोपी. तो आत आला, मखराकडे बघितलं, हातातल्या फोटोकडे बघितलं, परत मखराकडे. पेगने काउंटरवर कोपर टेकून सांगितलं, "नेता येणार नाही. त्याच्यात देव बसलाय."

"कधी उठेल?"

पेगने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "त्याचं काही सांगता येत नाही."

मी त्या क्षणी समजले आणि काकूंकडे बघितलं. काकू तर माझ्या आधीच समजल्या होत्या. "ओलीस ठेवलंय गणपतीला," त्या माझ्या कानात म्हणाल्या. मग पुढे होऊन त्यांनी ट्रकवाल्याच्या हातावर दोन मोदक ठेवले.

त्याला आसपासच्या गावांतून दुसरंही जुनं सामान गोळा करायचं होतं, चर्चची बाकं, दिव्यांचे खांब. तो म्हणाला, मी परत येतो. आला तेव्हा काकांनी सांगितलं, आता गौरी आल्यात, बाईमाणूस घरात असताना सामान हलवत नाहीत. पुन्हा आला तेव्हा अनंत चतुर्दशी व्हायची होती. ती झाली, आणि काकांनी मंडळाला शांतपणे सांगितलं की एकवीस दिवसांचाही गणपती असतो, कोकणात विचारा. ट्रकवाल्याने पबच्या फोनवरून मालकाला कळवलं, "नाही सर, तो अजून बसलाय." आणि काकूंकडे वळून म्हणाला, "मॅम, आज ते गोड आहे का?"

मंडळ मात्र टेकीला आलं होतं. दोन्ही वेळची आरती, दोन्ही वेळचा नैवेद्य, आणि वर नोकऱ्या. एकेक जण गळायला लागला. बोर्ड यायच्या आदल्या संध्याकाळी आरतीला आम्ही चौघंच होतो, काका, काकू, मी आणि पेग. डॉक्टर मधेच येऊन गेले आणि जाताना कडक शब्दांत म्हणाले, "काका, हे देवाचं चाललंय की तुमचं?" काकांचे टाळ हातातच राहिले.

डॉक्टर गेल्यावर काकूंनी विचारलं. रागावून नाही, पण सरळ. "खरंच, कशासाठी एवढं? त्याचं लाकूड टेक्सासला गेलं तर तिथे कुणी तरी बघेलच की."

काकांनी पितळी दांड्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी या देशात इतकी वर्षं काम केलं. माझ्या हातून एकही छत असं झालं नाही की कुणी मान वर करावी. लोक माझ्या बिल्डिंगमध्ये येतात, दूध घेतात, जातात. माझं झालं ते झालं. पण ज्याने हे केलं त्याचंही पाडून खाली पांढरे पट्टे ओढायचे, आणि ते मी बघत बसायचं, हे मला जमणार नाही गं."

काकूंनी निरांजन पुसून ठेवलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. उद्या बोर्ड आलं की तुम्ही तोंड उघडायचं नाही. एक अक्षर नाही." घरी गेल्यावर त्या फोनला बसल्या. कुणाला काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. एक वाक्य तेवढं जिन्यापर्यंत आलं: "इतकी वर्षं ते तुमची छतं बघतायत, एक दिवस तुम्ही त्यांचं बघा."

दुसऱ्या दिवशी बोर्डाची मंडळी दाराशी आली तेव्हा आत शंभरावर माणसं होती. डॉक्टर होते. सासूबाया होत्या. ट्रकवाला होता, टोपी काढून. काकू पुढच्या दारात उभ्या होत्या. बोर्डाचा अध्यक्ष पायरी चढणार तेवढ्यात त्यांनी त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं आणि गोड हसल्या.

आता हे कुणी योजलं नव्हतं. देवासमोर चपला काढायच्या एवढीच आमची रीत. बोर्डाचे पाच गंभीर चेहऱ्याचे सभासद भिंतीला धरून बूट काढायला लागले. अध्यक्षाच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते लपवायला त्याने खाली बघितलं, आणि खालीच बघत राहिला. पायाखाली गव्हाच्या ओंब्यांचं मोठं वर्तुळ होतं, निळं-तांबडं, घासून लख्ख. तो त्यावरून हळूहळू चालत गेला. म्हणाला, "तरुणपणी मी इथे रोज संध्याकाळी यायचो. ही जमीन मी कधीच बघितली नव्हती." पेग म्हणाली, "तू कुठल्या अवस्थेत जायचास ते मला माहितीये."

मग आरती सुरू झाली. शंभर माणसं, टाळ, घंटा, आणि प्रत्येक निरांजन त्या जुन्या आरशांत दहा ठिकाणी. उजेड आरशांतून निघाला आणि वर पत्र्याच्या फुलांवर हलायला लागला. काका एका कोपऱ्यात घंटा वाजवत होते. ओठ असे घट्ट मिटलेले की मला भीती वाटली, या माणसाला काहीतरी होईल.

आरती संपल्यावर अध्यक्ष त्यांच्यापाशी आला. "सर, तुम्ही त्या दिवशी सांगत होता. बाकीचं काय होतं?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "तीन वाक्यं."

काकांनी एकच वापरलं. "प्लीज," ते म्हणाले, "वर बघा."

आणि त्या पबमधल्या सगळ्या माणसांनी, बोर्डाने, ट्रकवाल्याने, डॉक्टरांनी, सासूबायांनी मान वर केली.

त्याच आठवड्यात बोर्डाने ठरवलं, पाडायचं नाही आणि आतलंही हलवायचं नाही. पेगचा पुतण्या चार दिवस धुमसला. मग त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, रेस्टॉरंट चालवणारं एक जोडपं, त्यांना ती बिल्डिंग होती तशीच हवी होती. बँक पेट्रोलपंपाशेजारच्या सपाट प्लॉटवर गेली. तिचा पार्किंग लॉट काकांच्याच कंपनीकडे आला. इतक्या आनंदाने त्यांनी पांढरे पट्टे कधी ओढले नव्हते. ट्रकवाला मोदकांचा डबा घेऊन प्लेनोला गेला. मालकाला काय सांगितलं ते त्याचं त्याला माहीत.

विसर्जनाच्या दिवशी काकू पेगच्या नक्षीदार पितळी गल्ल्यापाशी गेल्या, कळ दाबली, खण उघडला आणि आतून कॅसेट काढून टेपरेकॉर्डरमध्ये घातली. डॉक्टर बघतच राहिले. "काकू, तुम्हाला माहीत होतं?" काकू म्हणाल्या, "ठेवली कुणी असं वाटतं तुम्हाला? यांना कधी काही लपवता आलंय का?"

उत्तरपूजा झाली. मूर्ती काकांनी उचलली. "मोरया" म्हणत आम्ही सगळे बाजूला झालो आणि काका मूर्ती छातीशी धरून पुढच्या दाराकडे निघाले. चार पावलांवर थांबले आणि मान मागे टाकून छताकडे बघायला लागले. डॉक्टर हसून म्हणाले, "घ्या, आजसुद्धा." सगळे हसले. मी त्यांच्या अगदी बाजूला होते, म्हणून मला दिसलं. डोळे काठोकाठ भरले होते. मान खाली केली असती तर वाहिले असते, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

काकूंनाही दिसलं. मग माझ्याकडे न बघता, माझ्याशीच म्हणाल्या, "त्या दिवशी पोह्यांच्या वेळीही असेच बघत होते गं. आणि मी आयुष्यभर तुळया समजले."

पुढे ती झिजलेली संगमरवरी पायरी होती. काकांचा पाय पुढे आला आणि मी सवयीने काकूंच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघितली. काकूंनी त्यांचा दंड धरला.

"बघा तुम्ही वर," त्या म्हणाल्या. "पायरी आली की मी सांगते."